पावट्याचा राजा

पेरिन गोशेने त्या दिवशी केक केला नसता तर फार बरं झालं असतं. पण जानेवारीची सहा तारीख, म्हणजे तीन राजांचा सण, उजाडली की पॅरिसमधल्या बाईचे हात आपोआप पिठाकडे वळतात, त्याला कुठलं सरकार काय करणार? सरकारने आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. राजाचं डोकं उडवून वर्ष होत आलं होतं, महिन्यांची नावं बदलली होती, रविवार रद्द केला होता, कोणालाही अहोजाहो करायचं नाही असं फर्मावलं होतं, आणि आता राजाच्या केकवरही बंदी आली होती. ज्या पाववाल्याकडे असा केक सापडेल तो देशद्रोही, अशी पत्रकं चौकाचौकात लागली होती. पेरिनने पत्रक वाचलं, मान डोलावली, घरी येऊन दाराला कडी घातली आणि महिनाभर साठवलेलं पीठ काढलं.

"हा राजाचा केक नव्हेच मुळी," ती म्हणाली. "हा समतेचा केक."

"मग त्यात पावटा कशाला घातलास?" तिचा नवरा ब्लेज म्हणाला. तो टोप्या शिवायचा आणि बोलायचं असेल तेव्हा तोंडातली टाचणी बाजूला काढून बोलायचा. आता त्याने सगळ्या टाचण्या काढल्या होत्या.

पेरिन भट्टीपुढे तशीच उभी राहिली. "घातला का मी?"

"माझ्या डोळ्यांदेखत घातलास."

"हात गेला असेल."

"मग आता काढ."

"कुठून काढू? थर फुगलेत. आणि तो आत कुठे आहे हे मला तरी कुठे ठाऊक?"

चुलीजवळच्या बाकावर तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू बसला होता. त्याच्या खोलीत सरपण नव्हतं, म्हणून दुपारी तो खाली येऊन बसायचा. आन्सेल्म व्होद्रे त्याचं नाव. हे बोलणं तो ऐकत होता. एका केकात एक पावटा. ज्याच्या तुकड्यात तो निघेल तो त्या दिवसापुरता राजा. आणि राजाने पेला ओठाला लावला की टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ओरडायचं, राजा प्यायला. लहानपणापासून हे दरवर्षी केलेलं. यंदा तेवढ्या एका पावट्यापायी चार माणसं गाडीत बसून वधस्तंभाकडे जाऊ शकत होती, आणि त्या चारांत सगळ्यात आधी कोण बसेल याविषयी आन्सेल्मला शंका नव्हती.

कारण साडेचार वर्षांपूर्वी, क्रांतीच्या पहिल्या सभागृहात, तो मस्य व्होद्रे द साँ-मोरी, म्हणजे साँ-मोरी गावचा व्होद्रेसाहेब, या नावाने बसत असे. राजा हवा, पण त्याला कायद्याची वेसण हवी. जनता हवी, पण तिच्यावर दुसऱ्या सभागृहाचा लगाम हवा. आणि राजाला नकाराधिकार हवा, पण थोड्याच मुदतीचा, असं त्याचं म्हणणं. असल्या माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. राजवाड्यातले त्याला फितूर म्हणत आणि वरच्या सज्ज्यातली जनता त्याला राजाचा हुजऱ्या म्हणे. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेला आणि दोन्ही डगरी सुटल्या. त्याच्या गटातले काही परदेशी पळाले, काही तुरुंगात गेले, आणि काहींचं पुढे काय झालं ते विचारायची सोय नव्हती. त्याने आपल्या नावातलं गाव काढून टाकलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला आला, आणि कागदांच्या नकला करून देणारा साधा व्होद्रे झाला.

गोशे नवराबायकोला मात्र तो कोण हे ठाऊक होतं. आन्सेल्मच्या टोप्या पूर्वी ब्लेजच शिवायचा आणि त्याच्या डोक्याचं माप ब्लेजला पाठ होतं. "ते माप मी आता कोणाला सांगत नाही," असा विनोद ब्लेज करायचा आणि आन्सेल्म दरवेळी हसायचा, पण त्या रात्री त्याला झोप लागत नसे. त्याला दडवलं म्हणून गोशेंनाही तीच शिक्षा होती. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता सगळं एका कागदावर येऊन अडलं होतं. प्रत्येकाला निष्ठेचा दाखला लागत होता. ज्याच्याकडे तो नाही तो संशयित, आणि संशयित म्हणजे तुरुंगात. आन्सेल्मच्या दाखल्यावर शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या होत्या. मोहल्ल्याच्या समितीचा माणूस घरी येऊन पाहणी करून शेवटची सही करणार होता. तो कधी येईल याचा नेम नव्हता.

केक टेबलावर आला. पेरिनची धाकटी बहीण मादलों हसत हसत टेबलाखाली शिरली, कारण वयाने सगळ्यात लहान असेल त्याने टेबलाखालून सांगायचं की कुठला तुकडा कोणाचा. वीस वर्षांची घोडी, पण रीत म्हणजे रीत. पेरिनने सुरी ठेवली. "हा कोणाचा?"

"ब्लेजभावोजींचा."

"हा?"

"साहेबांचा."

"मादलों," ब्लेज दबक्या आवाजात म्हणाला, "त्या शब्दापायी परवा कोपऱ्यावरच्या वाण्याला उचललंय. नागरिक म्हण."

"नागरिकसाहेबांचा," टेबलाखालून आवाज आला.

असे चार तुकडे झाले आणि पाचवा नेहमीप्रमाणे उरला. तो गरिबाचा वाटा. दार वाजवून जो पहिला येईल त्याचा. पेरिनने तो वेगळ्या ताटलीत ठेवून फडक्याने झाकला.

आन्सेल्मने पहिला घास तोंडात घेतला आणि चावलाच नाही. जिभेने तो नुसता इकडून तिकडे फिरवत राहिला. लोण्याची चव त्याला लागली नाही. पावटा आपल्याच वाट्याला येणार, याची त्याला पक्की खात्री होती. आयुष्यात जे जे नको होतं ते अगदी नेमकं त्याच्या ताटात आलं होतं. आला तर गिळायचा, असं त्याने ठरवलं. गिळताना घशात अडकला तर? खोकायचं नाही. गुदमरलं तरी खोकायचं नाही. असा एकेक घास तपासत त्याने तुकडा संपवला. पावटा निघाला नाही.

मादलोंच्या तुकड्यात नव्हता. पेरिनच्याही नव्हता. सगळ्यांनी ब्लेजकडे पाहिलं. त्याचा तुकडा केव्हाच फस्त झाला होता.

"मी काय चावून खातो का कधी?" तो म्हणाला. "गेला असेल खाली."

"बघ, काही वाटतंय का?"

"पोटात जरा मोठेपणा आल्यासारखं वाटतंय खरं."

मग मात्र सगळे हसले. पेरिनने वाइन ओतली. आन्सेल्म एक पेला प्यायला, मग दुसराही प्यायला, आणि त्याच्या हातापायांतली थंडी गेली. कित्येक महिन्यांत त्याला असं ऊबदार वाटलं नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात समितीचा त्रिकोतेल उभा होता, डोक्यावर लाल टोपी आणि काखेत कागदांची चळत. क्रांतीपूर्वी तो सरदारांसाठी केसांचे टोप बनवायचा. क्रांतीनंतर टोप घालणारी डोकीच राहिली नाहीत, तेव्हा पोटासाठी त्याने समितीत नाव घातलं. माणूस वाईट नव्हता. पण भुकेला होता आणि भित्रा होता.

"व्होद्रे इथेच राहतो ना?" तो बसता बसता म्हणाला. "दाखल्याचं काम आहे. दोन प्रश्न आणि सही, मग मी मोकळा. सकाळपासून जिने चढतोय, पोटात अन्नाचा कण नाही." त्याची नजर फडक्याकडे गेली. "हे काय?"

"केक," पेरिनच्या तोंडून निघून गेलं. "समतेचा."

"कोणाच्या वाटचा?"

"जो पहिला येईल त्याच्या."

"मग आलो की मी," त्रिकोतेल म्हणाला आणि ताटली पुढे ओढली. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. आणि पावटा ब्लेजच्या पोटात आहे, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

"तर नागरिक व्होद्रे," तो खाता खाता म्हणाला, "क्रांतीसाठी तू काय केलंस?"

हा प्रश्न सगळ्यांना विचारत. आन्सेल्मने उत्तर घोकून ठेवलं होतं, पण आयत्या वेळी ते सुचेना. "मी तिच्या आड आलो नाही," तो म्हणाला.

"हे काय उत्तर झालं? माझी मांजरसुद्धा आड आली नाही."

"त्याने सैनिकांच्या मोज्यांना लोकर दिलीय," पेरिन मध्येच म्हणाली. "आणि अक्षर तर असं आहे, नागरिक, की समितीचे कागद तुम्ही—तू त्याच्याकडूनच लिहून घ्यावेस."

त्रिकोतेल हसला, लेखणी शाईत बुडवली आणि शेवटचा मोठा घास तोंडात कोंबला. कट्ट असा आवाज झाला. त्याचं जबडा हलवणं थांबलं. दातांखाली काय आलं ते त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे त्यांना कळलं. तो काही क्षण तसाच बसून राहिला, एक गाल फुगलेला, डोळे पत्रक वाचल्यासारखे. थुंकला तर पुरावा टेबलावर. न थुंकला तर पुरावा तोंडात. त्याने समोरचा पेला उचलला, ओठाला लावला, आणि पावटा वाइनबरोबर घशाखाली ढकलला.

"राजा प्यायला."

एकच आवाज, उंच आणि खणखणीत, चाळीस वर्षांच्या सवयीने निघालेला. तो आन्सेल्मचा होता. त्याने विचार केला नव्हता, ठरवलं नव्हतं. पेला उचलला गेला आणि त्याच्या तोंडाने त्याला न विचारता आपलं काम केलं. जोरात बोलायला गेला की त्याचा आवाज असाच बायकी व्हायचा. सभागृहात वरचे लोक त्यावरून त्याची टर उडवायचे.

सतरा महिने तो तोलून मापून बोलला होता, स्वप्नात बडबडू नये म्हणून तोंडावर पंचा बांधून झोपला होता, आणि आता हे.

"कोण ओरडलं?" त्रिकोतेल म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"मी ओरडले," पेरिन म्हणाली. "चुकून."

त्रिकोतेलने तिच्याकडे पाहिलं, मग आन्सेल्मकडे. त्रिकोतेलने सही न करताच दाखला चळतीत कोंबला. "सही नंतर," असं पुटपुटून तो जिन्याने खाली गेला, जवळजवळ धावतच.

मग ब्लेजने दार लावलं. "हा आता समितीत जाऊन सांगणार."

"काय म्हणून सांगणार?" मादलों म्हणाली. "राजा तर तोच झाला होता."

"म्हणूनच सांगणार. आपण आधी सांगू या भीतीने तो आधी सांगणार." ब्लेज आन्सेल्मकडे वळला. "तुम्हीच जा, साहेब. त्याच्या आधी पोचा. म्हणा, त्रिकोतेल आला, केक मागून खाल्ला, पावटा मिळाल्यावर पेला उचलला. खोटं कुठे आहे यात? तुम्हाला बोलता येतं. मला नाही येत."

"तो माणूस मरेल," पेरिन म्हणाली.

"नाहीतर तू मरशील," ब्लेज म्हणाला. "मी ओरडले म्हणे. कोणी सांगितलं होतं तुला?"

ती ताटल्या गोळा करू लागली. आन्सेल्मने कोट घातला. मनातलं लपवून काय उपयोग, तो जायला तयार होता. पेरिनसाठी जातोय असं तो स्वतःला जिन्यावर सांगत होता आणि त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की त्याला जगायचं होतं. रस्त्यात बर्फ वितळून चिखल झाला होता. पाववाल्याच्या दुकानापुढे बायकांची रांग होती. चालता चालता तो वाक्य जुळवत होता. जुन्या सवयीने त्याने त्यात दोनदा दुरुस्त्या केल्या. 'खाल्ला' म्हणण्याऐवजी 'स्वीकारला' म्हटलं तर त्रिकोतेलची शिक्षा कमी होईल का, याचाही विचार केला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण एका माणसाच्या मानेबद्दल उपसूचना मांडतोय. तरी पाय थांबले नाहीत.

समिती पूर्वीच्या चर्चमागच्या खोलीत बसायची. पाद्र्यांचे कपडे टांगायच्या खुंट्यांवर आता भाले लटकत होते. टेबलामागे अध्यक्ष रूसलो होता. त्याचं कोपऱ्यावर सरबताचं दुकान. त्याच्या शेजारी लिहायला त्रिकोतेल. तो आधीच पोचला होता.

आन्सेल्मला पाहताच त्रिकोतेलच्या हातातली लेखणी खाली पडली. रूसलो मात्र खूश झाला.

"ये, ये. व्होद्रे ना तू? गोशेच्या घरातला? बरा आलास. आत्ताच लिहून घेतलंय की गोशेच्या बायकोने 'राजा प्यायला' म्हणून आरोळी ठोकली. संध्याकाळी तिला आणायला माणसं पाठवतोय. तू ऐकलंस का?"

जुळवलेलं वाक्य आन्सेल्मच्या जिभेवर होतं. बोललं की सुटका होती, निदान आजची. त्याने त्रिकोतेलकडे पाहिलं. त्रिकोतेल दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो देवाचं नाव घेत असावा, जे आता गुन्हाच होतं. आन्सेल्मला त्याचा राग यायला हवा होता. पण स्वतःचाच चेहरा आरशात दिसावा तसा तो दिसत होता. आणि पेरिन या वेळी ताटल्या धूत असेल.

"ती ओरडली नाही," आन्सेल्म म्हणाला. "मी ओरडलो."

"बाईचा आवाज होता असं हा म्हणतोय."

"माझाच आवाज तसा आहे. मोठ्याने बोललो की चिरकतो. सभागृहातही लोक हसायचे."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. रूसलो पुढे झुकला. "कुठल्या सभागृहात?"

"पहिल्या," आन्सेल्म म्हणाला.

भिंतीला टेकून बसलेले दोन पहारेकरी उठून दाराशी जाऊन उभे राहिले. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. रूसलोने डोक्यावरची टोपी नीट केली आणि त्याचा आवाज मोठ्या कामाला लागलेल्या माणसाचा झाला.

"केक कोणी केला?"

"मी विकत घेतला. बाजारात, एका फिरत्या बाईकडून. माझ्या खोलीत नेऊन खाल्ला. खालच्यांना ठाऊक नाही. नागरिक त्रिकोतेल जिन्यात होता, त्याने तेवढं ऐकलं."

त्रिकोतेलने मान वर केली नाही.

"पेला कोणी उचलला? राजा कोण होता?"

हा प्रश्न येणार हे आन्सेल्मला ठाऊक होतं, आणि तरीही तो इतका वेळ घाबरत होता तो याच प्रश्नाला. आयुष्यभर त्याने प्रत्येक प्रश्नाला 'हो, पण' असं उत्तर दिलं होतं. इथे 'पण' लावायला जागाच नव्हती. भीती गेली नव्हती. आवाज अजून चिरकत होता.

"मीच," तो म्हणाला.

"आणि ओरडलासही तूच?" रूसलोने पहारेकऱ्यांकडे पाहून डोळा मारला. "अरे, माझं निम्मं आयुष्य हा सण करण्यात गेलं. राजाने प्यायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं. राजा स्वतःच्या नावाने स्वतःच ओरडतो, असं कधी पाहिलंयस?"

"ओरडायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, नागरिक."

कोणी हसलं नाही. रूसलोही हसला नाही. त्याने बोटाने कागद दाखवला आणि म्हणाला, "लिही." त्रिकोतेलने खाली वाकून लेखणी उचलली. पेरिन गोशेच्या नावावर त्याने काट मारली, ती इतकी दाबून की कागद फाटला. मग नवा कागद घेतला. दुपारपासून तो आन्सेल्मला अरेतुरे करत होता. तसा हुकूमच होता.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," तो खाली बघत म्हणाला.

आन्सेल्मने सांगितलं. नावातून काढून टाकलेलं गावही सांगितलं.